तीन विती, चार बोटं

माझे आजोबा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते. दोन रुळांमधलं अंतर ते हाताने मोजून दाखवायचे: तीन विती आणि वर चार बोटं. अडीच फूट. हाच आमच्या ‘बार्शी लाईट’ रेल्वेचा गेज. लहानपणी आम्ही भावंडं रुळांत बसून वीत लावायचो, आणि आमच्या हातांनी ते अंतर चार-साडेचार विती भरायचं.

यंदा मार्चमध्ये कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाच्या उत्तर भागात, सेंट निकोलस ॲबी या जुन्या ऊसमळ्यातल्या छोट्या फलाटाशेजारी मी गुडघ्यांवर बसलो आणि वीत लावली. एक, दोन, तीन. मग चार बोटं. बरोबर बसलं.

“बाबा, उठा, गाडी सुटेल,” मुलगी म्हणाली. ती कामासाठी बेटाच्या राजधानीत, ब्रिजटाऊनला राहते आणि माझं हे वेड तिला चांगलं ठाऊक आहे.

हा रेल्वेमार्ग २०१९ मधला, पर्यटकांसाठी घातलेला. इंजिन मात्र जुनं, जावा बेटावरच्या एका साखर कारखान्यात राबलेलं. सुटण्याआधी ड्रायव्हरने सिलिंडरचे कॉक उघडले. खालून पांढऱ्या वाफेचा झोत आडवा सुटला, पायाखालची खडी ओली झाली आणि गरम तेलाचा वास आला. तो वास मी आजोबांच्या खाकी शर्टाला येताना ओळखत होतो. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होऊन साचतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते आधी काढलं नाही तर पिस्टनच्या धक्क्याने सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. हे मला शाळेने नाही, आजोबांनी शिकवलं.

गाडी उसाच्या फडातून चढत चेरी ट्री हिलकडे जाते. टेकडी सुमारे ८५० फुटांची, पण वर पोचलं की अख्खा पूर्व किनारा आणि अटलांटिकच्या लाटांच्या पांढऱ्या रेघा खाली दिसतात. चढावर इंजिनाचे ठोके मोजता येतील इतके सुटे झाले. कुठल्याही डिझेलला तो आवाज येत नाही.

आता मी इतक्या लांब कशासाठी गेलो ते सांगतो. बार्शी लाईट बांधली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने. बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. त्याचं म्हणणं साधं होतं: इंजिन असो की वाघीण (मालडबा), कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलका चालतो, पूल स्वस्तात होतो, आणि तरीही डबे लांब, भरपूर माल मावणारे करता येतात. हीच लाईन पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि आषाढीला टपापर्यंत माणसांनी भरून वाहू लागली.

तिकडे बार्बाडोसची रेल्वे १८८० च्या दशकात ब्रिजटाऊनहून पूर्व किनाऱ्याला गेली होती. गेज साडेतीन फूट, चढ अवघड, रूळ खराब, पदरात तोटा. १८९८ मध्ये ती उखडून अडीच फुटी केली आणि त्या कामाचा सल्लागार होता हाच कॅलथ्रॉप. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातून चार नवी इंजिनं आली. बार्शीनंतर एका वर्षात, हजारो मैलांवरच्या एका ऊसकरी बेटावर! हे मला कळलं तेव्हा आजोबा नव्हते. त्यांना सांगायला हवं होतं, एवढंच तेव्हा मनात आलं आणि अजूनही येतं.

कॅरिबियनमध्ये ऊस आणि रूळ यांचं नातं जुनं आहे. क्युबात १८३७ मध्ये आगगाडी धावली, क्युबावर राज्य करणाऱ्या स्पेनमध्ये धावण्याच्या अकरा वर्षं आधी. सेंट किट्सवर १९१२ नंतर बेटाभोवती अडीच फुटीच रूळ पडले, बासेटेरच्या कारखान्याला ऊस पुरवायला. कारण आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे: तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो.

या सगळ्या वैभवाखाली कोण गाडलं गेलंय हेही विसरता येत नाही. ॲबी हे नाव असलं तरी इथे मठ कधीच नव्हता. १६५८ च्या सुमाराचं हे मळेवाल्याचं घर आहे, आणि उष्ण बेटावर असूनही त्याला शेकोट्यांची धुराडी आहेत. पण बाहेरच्या उसात पिढ्यान् पिढ्या गुलाम आफ्रिकी माणसं मेली. गुलामगिरी कायद्याने १८३४ मध्ये गेली, खरी सुटका १८३८ मध्ये. रूळ त्यानंतर आले. पण ते ज्या मळ्यांतून गेले, ते मळेवाल्यांच्याच हातात होते.

आवारात १८९० सालचा वाफेवरचा चरक आहे आणि हंगामात तो अजून चालतो. आम्ही गेलो तेव्हा चालू होता. एक माणूस वाकून ऊस लोटत होता, चरकाच्या दंडगोलांमधून हिरवट रस फेसाळत पन्हाळीत पडत होता, दुसरीकडून चिपाडं. हा रस आटवून त्याची काकवी करतात आणि रम त्या काकवीपासून काढतात. बोटभर काकवी चाखायला मिळाली. आमच्याकडच्या गुऱ्हाळात कढई उतरायच्या जरा आधी लागते अगदी तीच चव, किंचित धुरकट. मुलीने दुसऱ्यांदा बोट बुडवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या लाईनीच्या वाटेने चालत पूर्व किनाऱ्यावरच्या बाथशिबा गावाला गेलो. खरी बार्बाडोस रेल्वे १९३७ मध्ये बंद पडली. या किनाऱ्यावर समुद्र तिचा भराव सतत खात असे, आणि तोवर रस्त्याने माल नेणं स्वस्त झालं होतं. आता तिथे पायवाट आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली खडकांवर फुटणाऱ्या लाटा. वळणं मात्र रेल्वेचीच: लांब, सावकाश, कुठेही एकदम न वळणारी. बार्शीजवळ जुना नॅरोगेजचा भराव शेतांतून असाच ओळखू येतो.

एका ठिकाणी वाट अरुंद झाली होती. मी थांबून दोन्ही पाय फाकवून उभा राहिलो, जिथे रूळ असतील असं वाटलं तिथे. मुलगी मागे वळली आणि तिने माझा फोटो काढला.