पाखर

बायबलच्या मराठी भाषांतराचा खर्डा पक्का करण्याआधी आम्ही तो गावात जाऊन वाचून दाखवतो. ‘समजलं का?’ असं कधी विचारायचं नाही, कारण उत्तर ‘हो’च येतं. ऐकणाऱ्याकडून गोष्ट त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यायची. चुका तिथं उघड्या पडतात.

त्या दिवशी नगर जिल्ह्यातल्या एका गावात रूथचं पुस्तक होतं. मला धास्ती होती तिसऱ्या अध्यायातल्या नवव्या वचनाची. मध्यरात्री खळ्यावर विधवा रूथ नवऱ्याच्या नात्यातल्या बवाजला म्हणते, ‘तुमचा कानाफ दासीवर पसरा.’ हिब्रूत कानाफ म्हणजे पंख आणि वस्त्राचा सोगाही. आदल्या अध्यायात बवाजच तिला म्हणाला होता, इस्राएलच्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस. तिथंही कानाफच. रूथ त्याचाच शब्द त्याच्यापुढं ठेवते! आमच्या खर्ड्यात एकीकडं ‘पंख’, दुसरीकडं ‘पांघरूण’. इंग्रजी पुढ्यात ठेवून तपासणाऱ्यांना हा तुटलेला धागा दिसतच नाही, याचा मला फार राग येतो.

बवाज रात्री सातू का उफणतो, खळ्यावरच का झोपतो, हे शहरातल्या वर्गात मला फळ्यावर चित्र काढून सांगावं लागतं. इथं एक शेतकरी सहज म्हणाला, “वारं सांजंलाच सुटतं. आन् रास उघडी टाकून घरी कोन झोपंल?”

वचन वाचताच पाळकसाहेब चुळबुळले. “हे बायकांत नको, पुढं चला.”

मांडीवर झोपलेला नातू घेऊन बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “का नको? पाट लावा म्हनली ती. भाऊबंदच हाये न्हवं त्यो? आन् पाट रातीचाच आसतो.”

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आणि बवाजसाठी हिब्रूत जो ‘गोएल’ शब्द आहे, त्याला खर्ड्यात ‘सोडवणारा नातलग’ होता. गोएलला भाऊबंद त्यांनी आपणहून केलं.

“मग ती नेमकं काय म्हणाली, आजी?”

त्यांनी पदराचं टोक ओढून पोराच्या उघड्या पायांवर घातलं. “म्हनली, माज्यावर पाखर घाला.”

मी लिहायची थांबले. पक्षिणीची पाखर, मायेची पाखर, घोड्याच्या अंगावर घालतात ती पाखर. पंख आणि आच्छादन, एका शब्दात!

‘पाट’ हा शब्द मात्र मी घेतला नाही. आपल्याकडं पाट लग्नापेक्षा कमी मानला गेला. हिब्रू मजकूर रूथला सरळ बवाजची बायको म्हणतो, कमीपणा कुठंच नाही.

बैठकीत एक सहकारी म्हणाले, पाखर तरुणांना कळणार नाही. ते एकदाही गावात वाचायला आलेले नाहीत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली, 1922पर्यंत. आणि आम्ही एका शब्दासाठी गावापर्यंत जायला कंटाळतो. सध्या ‘पांघरूण’च कायम आहे.

मी दोन्ही वचनं पुन्हा लिहिली आहेत. रूथचं जमलं. बवाजचं अजून अडतं: ‘देवाच्या पाखरेखाली आलीस’, की ‘देवाची पाखर मागत आलीस’? आजींना विचारायला परत जायचं आहे.