वाचकांची कुरकुर

पुस्तकाची स्तुती करण्यासाठी ते वाचावेच लागते असे नाही. 'वाचनीय', 'संग्रही ठेवावे असे', 'प्रत्येकाने आवर्जून वाचावे' हे शेरे कोणत्याही पुस्तकाला चालतात आणि मलपृष्ठावरचा मजकूर पाहून ते सहज लिहिता येतात. तक्रार करायची असेल तर मात्र निदान अर्ध्यापर्यंत जावे लागते. पश्चिम नागपुरातल्या ज्या लहानशा वाचनालयाचा मी सभासद आहे, तेथे देवघेवीच्या टेबलावर एक अभिप्रायवही दोरीने बांधून ठेवलेली असते, आणि ती वाचून वाचून माझे असे मत झाले आहे की पुस्तकाविषयी काही कळून घ्यायचे असेल तर त्याची वाखाणणी करणाऱ्यांना सोडून कुरकुर करणाऱ्यांकडे जावे.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वाचनालयांचे 'अ'पासून 'ड'पर्यंत चार वर्ग पडतात. आमचे वाचनालय त्यांतल्या शेवटच्या वर्गात असल्यामुळे येथे थाटमाट असा नाही. पुस्तके मात्र नाना तऱ्हेची आहेत, कारण निम्मी विकत घेतलेली आणि निम्मी कोणाच्या ना कोणाच्या घराची आवराआवर होताना येऊन पडलेली. वहीत नाव लिहायचे नसते, केवळ सभासद क्रमांक लिहायचा असतो. त्यामुळे माणसे मोकळेपणाने लिहितात, जरी हस्ताक्षर कोणाचे ते नेहमीच्या सगळ्यांना ठाऊक असते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर (१९५५) स्तुतीच्या ओळी पुष्कळ आहेत आणि त्या एकीवरून दुसरी उतरवून घेतल्यासारख्या दिसतात. त्यांच्या मध्येच गडचिरोलीकडच्या आडबाजूच्या शाळांत नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गुरुजींची तक्रार आहे. हा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, लोकांचे कागदपत्र पाहतो, त्यांच्या अडीअडचणीत पडतो, तालीम उभी करतो; हे सर्व ठीक, परंतु मुलांचे पाढे कधी घेतो ते नीट दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी ही कादंबरी माणदेशाच्या उजाड माळासाठी आणि अखेरच्या दुष्काळासाठी वाचली होती. मास्तरच्या वर्गात डोकावून पाहण्याचे मला सुचले नव्हते. गुरुजींच्या तक्रारीखाली त्यांच्याच अक्षरात, परंतु वेगळ्या शाईत, आणखी दोन ओळी आहेत: 'आमचेही असेच होत असे. जनगणना असो की निवडणूक, मास्तरच लागतो.' तक्रार मागे घेतलेली नाही, हे विशेष.

'कोसला'वरची (१९६३) नोंद याहून कडक आहे. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी लिहिले आहे, की पोराने पुण्यात बापाच्या पैशावर दिवस काढले आणि वर बापालाच नावे ठेवली, तेव्हा बापाची बाजू कोण लिहिणार? त्याखाली एका तरुण अक्षराने एकच शब्द लिहिला आहे: 'बापाने.' हे वाचून हसू येते, परंतु थोडा विचार केला तर त्या गृहस्थांनी कादंबरीच्या मर्मावर बोट ठेवले आहे असे ध्यानात येते. पांडुरंग सांगवीकर आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतो, म्हणून खेड्यातले वडील आपल्याला दिसतात ते मुलाच्या नजरेतूनच. निवेदनाची ही एकतर्फी चौकट पदव्युत्तर वर्गात तासभर समजावून सांगावी लागते. ज्याने दर महिन्याला मुलाच्या वसतिगृहाची मनीऑर्डर केली आहे, त्याला ती पहिल्या पन्नास पानांत टोचते.

कर्णावरून मात्र वहीची कित्येक पाने खर्ची पडली आहेत. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके १९६७ सालची. पहिल्यात कर्णाची कथा तो स्वतः, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या तोंडून येते आणि वाचणाऱ्याचा जीव कर्णाकडे ओढला जातो. दुसऱ्यात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन बाईंनी एकेका व्यक्तीची शांतपणे झडती घेतली आहे, आणि त्या झडतीतून कर्णही सुटलेला नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी यवतमाळहून आलेल्या एका मुलाने ही पुस्तके नेमकी याच क्रमाने वाचली आणि तो संतापला. 'एकाने रडवले आणि दुसरीने हिशेब मागितला. मधल्यामध्ये माझी रात्र गेली,' असे त्याने लिहिले. त्यावर दुसऱ्या एका सभासदाने बाजू घेतली, की द्यूतसभेत द्रौपदीला उद्देशून जो तसे बोलला त्याच्याकडे हिशेब मागायचा नाही तर कोणाकडे? तिसऱ्याने कवचकुंडलांचा मुद्दा काढला. चौथ्याने, बहुधा वकिलाने, कर्णाच्या वतीने मुद्देसूद कैफियत मांडली. हे भांडण एवढे लांबले, की पुढे 'मृत्युंजय' नेणाऱ्याला ग्रंथपाल बाई 'युगान्त'ही सोबत देऊ लागल्या आणि पुष्कळ जण ते मुकाट्याने नेऊ लागले. साहित्य अकादमीचा पुरस्कार 'युगान्त'ला १९६८ मध्येच मिळाला होता. परंतु आमच्याकडे ते पुस्तक कपाटातून हलले ते त्या मुलाच्या रागामुळे.

स्वयंपाकाच्या पुस्तकांवरचे अभिप्राय मला सर्वांत विश्वसनीय वाटतात, कारण तेथे मत देण्यापूर्वी पदार्थ करून पाहावा लागतो. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याची मापे देऊन नव्याने संसार मांडलेल्या किती घरांची सोय केली ते सांगायला नको. तरीही एका काकूंनी नोंदवून ठेवले आहे, की या मापाने केलेल्या रश्श्यावर घरातल्या सगळ्यांनी वरून तिखट घेतले. सावजीच्या गावातली ही कुरकुर आहे, ती सांगलीच्या लेखिकेने मनावर घेऊ नये. त्याच काकूंचा 'स्मृतिचित्रे'वरचा राग मात्र गंभीर आहे. लक्ष्मीबाई टिळकांवर त्यांचा लोभ आहे. राग आहे तो रेव्हरंड टिळकांवर. 'हातात आले ते वाटून टाकायचे आणि घरी काय शिजते ते पाहायचे नाही, अशा माणसाला कोणी रागावले कसे नाही?' असा त्यांचा सवाल आहे. टिळक काही काळ नागपुरात नोकरीला होते हे त्यांना पुस्तकातूनच कळले, आणि तेव्हापासून 'आपल्या गावात असताना तरी' अशी त्यांची आणखी एक तक्रार सुरू झाली. लक्ष्मीबाई स्वतः नवऱ्याच्या या स्वभावाविषयी इतक्या हसतमुखाने लिहितात, की वाचकाला चिडण्याची आठवणच राहत नाही. काकूंना ती राहिली.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याविषयी तक्रारी फारशा येतच नाहीत. सर्व शेरे उत्साहाचे आणि सर्व पुस्तके पंधरा दिवसांच्या आत परत. अपवाद एकच: 'पाच वाजता उठून पाहिले. दिवसभर झोप आली.'

उन्हाळ्यातल्या अभिप्रायांची तऱ्हा निराळी असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की नागपूरचा वाचक दुपारभर कूलरसमोर असतो आणि कूलरच्या झोतात पातळ पुस्तकाचे पान स्थिर राहत नाही. म्हणून त्या दिवसांत जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांना मागणी वाढते, कारण त्या आपल्या वजनाने उघड्या राहतात. ज्यांची पाने शिवलेली नसून केवळ गोंदाने चिकटवलेली असतात, अशी पुस्तके याच काळात पाठ सोडतात, आणि 'पृष्ठ १२० नंतर थेट १३७' अशा नोंदी वहीत दिसू लागतात. समीक्षकांना असल्या नोंदी क्षुद्र वाटतील. मला वाटत नाहीत. पुस्तक हातात धरून वाचायची वस्तू आहे, आणि ती हातात टिकत नसेल तर तिच्यातल्या आशयाचे गुणगान व्यर्थ आहे.

ग्रेस हे याच शहराचे कवी. 'संध्याकाळच्या कविता' हा त्यांचा पहिला संग्रहही १९६७ चाच, आणि आमच्या वहीत त्याच्यासमोर जो शेरा सर्वांत जास्त वेळा आला आहे तो 'कळले नाही' हा. काही जणांनी तो अपराध कबूल केल्यासारखा लिहिला आहे, काहींनी आरोप केल्यासारखा. एका बाईंनी 'कळले नाही, पण दुसऱ्या कोणाला द्यायचे असेल तर आठवडाभर थांबा' असे लिहून संग्रहाची मुदत वाढवून घेतली. ग्रेसांच्या प्रतिमांवर जे भारदस्त लेख मी वाचले आहेत, त्यांतल्या काहींच्या लेखकांना हेच तर म्हणायचे नव्हते ना, अशी शंका मला पूर्वीपासून आहे. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांवरची एक नोंदही अशीच जपून ठेवावी अशी आहे. वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या रानांत आयुष्य घालवलेल्या या लेखकाला २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, त्यांच्या भाषेची मोहिनी सर्वांनाच आहे. परंतु एका निवृत्त वनरक्षकाने 'रानवाटा' परत करताना लिहिले: 'साहेबांना पक्षी बरोबर दिसले. गोचिडी जरा कमी दिसल्या.' साहेब आणि वनरक्षक एकाच रानात हिंडतात, तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारे रान वेगळे, हे या दोन वाक्यांइतक्या नेमकेपणाने मी कोठे वाचलेले नाही.

वाचकाची तक्रार किती गांभीर्याने होऊ शकते ते पाहायचे असेल तर मात्र वाचनालयातून उठून दीक्षाभूमीवर गेले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या, तेथे दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांची दुकाने ओळीने लागतात, आणि दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे भाकरीच्या गाठोड्याबरोबर पुस्तकांचे गाठोडेही घेऊन परततात. येथे अभिप्राय उभ्या उभ्या आणि विकत घेण्यापूर्वीच दिला जातो. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाची 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ही मराठी आवृत्ती हातात घेऊन एक मध्यमवयीन गृहस्थ विक्रेत्याशी वाद घालत असलेले मी ऐकले. अक्षर बारीक आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. विक्रेता म्हणाला, 'दादा, चष्मा लावून वाचा.' ते म्हणाले, 'मला दिसते हो. विहारात रात्री बल्बच्या उजेडात सगळ्यांना वाचून दाखवावे लागते, तेव्हा अडखळतो.' हे ऐकल्यावर मी त्या पानाकडे पाहिले आणि मलाही ते बारीक वाटले. आपण ज्याला टंकाचा आकार म्हणून सोडून देतो, तो एखाद्या वस्तीत पुस्तक ऐकले जाईल की नाही हे ठरवतो. पलीकडच्या दुकानात एक आजी प्रत्येक पुस्तिकेत प्रतिज्ञा पूर्ण छापल्या आहेत का ते नातवाकडून मोजून घेत होत्या. एका पुस्तिकेत त्या अपुऱ्या निघाल्या तेव्हा आजींनी ती नाक मुरडून ठेवून दिली. संपादनातल्या हलगर्जीपणावर एवढा तत्काळ निवाडा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

विद्वत्तापूर्ण समीक्षेचे नागपूरला वावडे आहे असे कोणी समजू नये. १९२३ मध्ये स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ येथलाच. ग्वाल्हेरच्या १९६१ च्या संमेलनात अध्यक्षपदाचा मान मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री कुसुमावती देशपांडे यांनी येथल्याच महाविद्यालयात शिकवले आणि मराठी समीक्षेत मोलाची भर घातली. ज्या समीक्षेची गोडी मला लागली, तीतही लेखकाला अडवून प्रश्न विचारण्याची धिटाई असते. गुरुजी आणि काकू तेच करतात, फक्त परिभाषा वापरत नाहीत.

आमच्या ग्रंथपाल बाईंना या वहीचा उपयोग फार पूर्वी समजला. पुस्तके खरेदी करण्याची वेळ आली की त्या स्तुतीच्या ओळी सोडून देतात आणि कुरकुर काय आहे ते टिपून घेतात. बापाची बाजू मागणाऱ्या कोराडीच्या काकांना त्यांनी शेतकरी बापांच्या कथा शोधून दिल्या. त्यांनी त्यांनाही नावे ठेवली. बाई हसून म्हणाल्या, 'काका, तुम्ही नावं ठेवून राहिले, पण शेवटपर्यंत वाचलं ना?' काकांनी उत्तर दिले नाही, पुढचे पुस्तक मागितले.

अलीकडे कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी वही बंद करून छापील अर्ज ठेवावा असा प्रस्ताव आणला आहे. त्यावर 'उत्तम', 'चांगले' आणि 'साधारण' असे तीन चौकोन आहेत. खूण केली की काम झाले आणि वर्षअखेरीस बेरीजही मांडता येईल. नमुन्याचे काही अर्ज टेबलावर ठेवले होते. वनरक्षकांनी कोणत्याच चौकोनात खूण केलेली नाही. काकूंनी तिन्हींत केली आहे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन्ही समास भरून मजकूर लिहिला आहे, त्यातला अर्धा पुस्तकाविषयी आणि अर्धा अर्जाविषयी. प्रस्ताव पुढच्या बैठकीवर ढकलला आहे, आणि तोपर्यंत वहीला नवी दोरी लावण्याचे ठरले आहे.