तुम्ही विचारलंत म्हणून: मृगातला वारा

"सर, ताऱ्यावर हवाच नाही, मग वारा कुठून सुटतो?" परभणीकडच्या आमच्या शाळेतल्या पोरांना हुरड्याच्या दिवसांत रात्री मृग दाखवतो, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. परवा एका पालकांनीही तोच विचारला.

आपल्याकडे मृग म्हणजे पेरणी. पण 7 जूनच्या सुमारास सूर्यच मृगात असतो. हे तारे भरदिवसा डोक्यावरून जातात. पाहायचे ते जानेवारीत. हरणाला लागलेल्या बाणाचे तिन्ही तारे निळसर, पृष्ठभाग 25 ते 30 हजार अंशांचा. त्यांचा वारा म्हणजे ताऱ्यातूनच बाहेर वाहणारा वायू, आणि तो त्यांच्या प्रकाशानेच सुटतो. अतिनील किरण लोह, कार्बन, नायट्रोजनच्या अणूंना बाहेर ढकलतात; वेग सेकंदाला 2000 किलोमीटरच्या घरात.

1978 मध्ये आइनस्टाइन वेधशाळा ही क्ष-किरण टिपणारी दुर्बीण अवकाशात गेली आणि असे तारे क्ष-किरणांतही झळकताना दिसले. 30 हजार अंशांच्या पृष्ठभागातून एवढे क्ष-किरण निघूच शकत नाहीत. ते वाऱ्यातून निघतात.

कसे, ते मला सांगायला फार आवडतं. प्रत्येक अणू ठरावीक रंगाचाच प्रकाश घेतो. आतल्या अणूंनी तो उचलला की बाहेरच्यांना तुटपुंजा उरतो, कालव्याच्या टेलला उरतं तसा. पण टेलचा एखादा अणू जरा जोरात निघाला, की डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे वेगामुळे रंग सरकतो म्हणून, त्याला लागणारा रंग किंचित बदलतो. त्या रंगावर मागे कुणाचा हात पडलेला नसतो! तो भरपूर मिळतो, अणू आणखी पळतो, आणि असा वेगवान वायू संथ वायूवर आदळतो. दोघांच्या वेगात सेकंदाला 500 किलोमीटरचा फरक असला, तरी धडकेत तापमान 30 लाख अंशांच्या वर जातं. क्ष-किरण तिथले.

ते आपल्याला बाधतात का, असं पोरांच्या आज्या काळजीने विचारतात. नाही. आपली हवा ते वरच अडवते. म्हणून तर दुर्बीण अवकाशात न्यावी लागली.

दोन ताऱ्यांचे वारे एकमेकांवर आदळले तर? ईटा कॅरिनी या दक्षिणेकडच्या जोडताऱ्यात तेच चालतं. तिथले दोन तारे साडेपाच वर्षांत एक फेरी पुरी करतात, आणि फर्मी उपग्रहाला त्या दिशेने गॅमा किरणही मिळालेत. एप्रिलात रात्री साडेनऊला, दक्षिणेला झाडी नसलेल्या बांधावर उभे राहा. क्षितिजापासून जेमतेम दहा-अकरा अंश वर तो फिकट ठिपका दिसतो.