महीच्या वाळूत ठमी: मधल्या पट्ट्याचा सराव

मागच्या नोंदीत माझी कुत्री ठमी 10 मीटरच्या दोरावर हाक मारली की परत यायची, पण समोरून पक्षी उडाला की हाकेकडे साफ दुर्लक्ष करायची. या हिवाळ्यात तो टप्पा पार झाला. चक्रवाकांची जोडी वाळूवरून उठली तरी ती शिट्टीला मान वळवते, आणि पुढच्या चार ढांगांत माझ्यापाशी असते. बक्षीस म्हणून उकडलेली कलेजी, तीही फक्त नदीवरच. घरी ती मिळत नाही म्हणून तिची किंमत टिकून आहे. दोर हार्नेसलाच लावते, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. सुसाट सुटलेल्या कुत्र्याला दोर संपताना बसणारा हिसका मानेवर घेऊ देऊ नका.

आम्ही जातो ते मही नदीवर रायका-फाजलपूरकडे, जिथल्या फ्रेंच विहिरींचं (नदीपात्रात बांधलेल्या खोल विहिरींचं) पाणी वडोदरा शहराला येतं. एका अंगाला मही, मध्ये वाळू, दुसऱ्या अंगाला मातीचा उभा कडा, काही ठिकाणी 30 मीटरच्याही वर. सयाजीराव विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी या कड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. मधून जाणारा तांबडा थर लांबूनही ओळखू येतो, आणि जवळच्या गाळात पांढरट कंकर, म्हणजे चुनखडीचे गोळे, रुतलेले दिसतात. बघत उभं राहावं असंच आहे सगळं, पण लांबून.

कारण हा कडा खडकाचा नाही, नदीने आणून टाकलेल्या गाळाचा आहे. कोरडा असला की भिंतीसारखा उभा राहतो, भिजला की जागा सोडतो. पावसाळ्यात पूर पायथा पोखरतो, आणि पाणी उतरलं की भिजलेल्या मातीला टेकू उरत नाही. हिवाळ्यात पाऊस नसतो म्हणून निर्धास्त होऊ नये. वरच्या काठालगतच्या उभ्या भेगा तशाच असतात. वर शेळ्या चरत असल्या तरी ढेकळं खाली येतात. नुकतीच कोसळलेली दरड ओळखायला सोपी: ढेकळांच्या कडा धारदार, आतली माती बाहेरच्यापेक्षा गडद, आणि ढिगावर एकाही पावलाचा ठसा नाही. कुत्र्यांना नेमकं तिथेच जायचं असतं. पायथ्याशी सायाळीची बिळं असतात आणि ठमीला वास आला की पुढचे दोन्ही पाय लावून उकरायला लागते. पोखरलेल्या कड्याखाली आणखी पोखरणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग पाण्याच्या कडेने चालावं, तर तिथे मगरी. वडोदऱ्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरी 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात वस्तीत शिरल्या तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटलं; आपल्याला, वडोदऱ्याच्या लोकांना, त्या ठाऊकच आहेत, आणि महीतही आहेत. थंडीत ऊन चढलं की त्या वाळूवर येऊन पडतात. ओल्या वाळूत पोट घसटल्याचा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना पंजे आणि मधोमध शेपटीची रेघ दिसली की आम्ही तिथूनच माघारी. म्हणून सूर्य उगवताना जायचं आणि ऊन तापायच्या आत निघायचं.

तेव्हा यंदाचा सगळा सराव एकाच गोष्टीचा: मधला पट्टा, म्हणजे कडा आणि पाणी यांच्या मधली वाळू. कड्यापासून निदान कड्याच्या उंचीइतकं अंतर, पाण्यापासून दोराच्या लांबीपेक्षा जास्त. जिथे वाळू अरुंद होते आणि दोन्ही जमत नाही, तिथे फिरणं संपलं. ठमी कड्याकडे वळली की मी दोर ओढत नाही. थांबते, एक शिट्टी, आणि ती मधे आली की कलेजी. आता कड्याकडे चार पावलं टाकून ती आपण होऊन मागे वळून माझ्याकडे बघते. मला वाटतं, बसणं-उठणं-हात देणं शिकवण्यापेक्षा हे एक वळून बघणं कितीतरी मोलाचं आहे.

घरी आल्यावर पंजे. कोतरांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत, वेड्या बाभळीचे काटे आणि गोखरू, आणि उत्तरायणानंतर मांजा. मांजा बोटांच्या बेचक्यात अडकला की केसांत दिसत नाही. पंजा कोमट पाण्यात धरून बोटं एकेक करून उघडावी लागतात.

पुढे दोर 10 वरून 5 मीटरवर आणायचा आहे, म्हणजे ती माझ्या पावलाबरोबर चालायला शिकेल. फेब्रुवारीपासून वेडे राघू मातीच्या काठांत बिळं करायला लागतात, तेव्हा घरटी असलेला भाग पावसाळ्यापर्यंत आमच्यासाठी बंद. ओल्या वाळूत जड न होणारा दोर कुणी वापरत असेल तर कशाचा आहे ते जरूर सांगा. माझा सुती दोर पाणी पिऊन फार जड होतो.