सिडनीच्या समुद्रातलं लाल शेवाळ

इथल्या किनाऱ्यालगतच्या खडकांवर डेलिसिया पुल्क्रा नावाचं लाल शेवाळ वाढतं. समुद्रात बुडालेल्या वस्तूवर बघता बघता जिवाणूंचा थर चढतो. या शेवाळावर मात्र तो फारसा धरत नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात याचं कारण उलगडलं. मी इथे ज्या विषयात काम करते, त्याची एक वाट तिथूनच निघते.

जिवाणू एकमेकांशी रसायनांतून बोलतात. प्रत्येक जण थोडे संदेशरेणू बाहेर सोडतो. गर्दी वाढली की रेणू साचतात आणि ठरावीक पातळी गाठली की सगळ्यांची जनुकं एकदम कामाला लागतात. सभेचा कोरम भरल्याशिवाय ठराव मांडत नाहीत, तसंच. म्हणून याला क्वोरम सेन्सिंग म्हणतात. १९७० मध्ये प्रकाश देणाऱ्या सागरी जिवाणूंत हे आढळलं, पुढे रोगजंतूंतही. भाजलेल्या जखमांत आणि सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसांत ठाण मांडणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू आपले अनेक घातक पदार्थ पुरेशी संख्या झाल्यावरच सोडतो.

त्या लाल शेवाळातले फ्युरॅनोन नावाचे रेणू हा निरोपच अडवतात. २००३ मध्ये उंदरांच्या फुफ्फुसातला संसर्ग अशाच कृत्रिम फ्युरॅनोनने सौम्य झाला.

घरच्यांना फोनवर हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो : मग जंतू मरतात ना? नाही, मरत नाहीत. ते निरुपद्रवी होतात, आणि उरलेलं काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. जंतू मारले जात नाहीत म्हणून औषधाला दाद न देणारे वाण सहज माजणार नाहीत, ही यातली मोठी आशा. मला ती खरी वाटते, पण पूर्ण नाही. फ्युरॅनोन पेशीबाहेर फेकून देणारे स्यूडोमोनास प्रयोगशाळेत सापडले आहेत. शिवाय हे रेणू माणसाला देण्याइतके सुरक्षित नाहीत. जुनाट संसर्गात तर हा निरोप ऐकू न येणारे जिवाणू आपोआपच निपजतात, तरी आजार हटत नाही.

कॉलऱ्याचा जिवाणू तर उलटाच. संख्या कमी असताना तो विष बनवतो, गर्दी झाली की थांबतो. तिथे बोलणं तोडून चालणार नाही, गर्दीचा निरोप वेळेआधी पोहोचवावा लागतो. २०१० मध्ये हा निरोप तयार करणारा निरुपद्रवी ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू उंदरांच्या पिल्लांना आधी पाजला, तेव्हा कॉलऱ्याची लागण होऊनही कितीतरी जास्त पिल्लं जगली.