धावपट्टी झाली, आता दुसरे विमान हवे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या नेर तालुक्यातून अमरावतीकडे निघाले की नांदगाव खंडेश्वर मागे पडल्यावर, बडनेऱ्याच्या अलीकडे, बेलोऱ्याचा विमानतळ लागतो. १६ एप्रिल २०२५ रोजी येथून मुंबईसाठी अलायन्स एअरची प्रवासी सेवा सुरू झाली. वर्षानुवर्षे रखडलेले हे काम एकदाचे पुरे झाले याचा मला मनापासून आनंद झाला आणि तो आजही आहे. मात्र त्या दिवसापासून आमच्याकडे जो तो ‘आता पुण्या-मुंबईचे अंतर मिटले’ असे म्हणू लागला, ते मला पटत नाही. प्रवासाचे भाडे धावपट्टीवर ठरत नाही. त्या मार्गावर गिऱ्हाईक मिळवण्यासाठी किती जण धडपडतात, यावर ते ठरते. शहरात राहणाऱ्या आमच्या मुलांच्या खोलीचे भाडे आणि सणाला गावी येण्याचे तिकीट हेही याच नियमाने ठरते, आणि त्याचा भार शेवटी गावातल्या घरावर येतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

अमरावतीची सेवा लहान शहरांना परवडणारी विमानसेवा देण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतून मिळाली. आरंभी आठवड्यातून तीन दिवस आणि सुमारे सत्तर आसनांचे एटीआर विमान, असे तिचे स्वरूप होते. या योजनेत विमानातील सुमारे निम्मी आसने ठरवून दिलेल्या मर्यादेतील भाड्याने विकायची असतात आणि त्यामुळे येणारी तूट सरकार भरून देते. त्यासाठीचा पैसा मोठ्या मार्गांवर उडणाऱ्या विमानांकडून वसूल केला जातो. राज्य सरकारही त्यात आपला वाटा घालते आणि अशा विमानतळांवर इंधनावरचा व्हॅट एक टक्क्यावर आणते. या सगळ्याबरोबरच निवडलेल्या कंपनीला त्या मार्गावर तीन वर्षे एकटीने सेवा देण्याचा हक्क मिळतो. हा हक्क मला अन्यायाचा वाटत नाही, कारण नव्या, कच्च्या मार्गावर पहिल्याच दिवशी दोन कंपन्या उतरल्या तर दोघींनाही प्रवासी पुरणार नाहीत. खरा प्रश्न त्या तीन वर्षांनंतरचा आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालाने योजनेतील मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला, तो आपल्या लोकप्रतिनिधींनी मुद्दाम वाचावा असा आहे. मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले त्यांपैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली, आणि मुदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग केवळ ५४ होते.

विदर्भात याचा अनुभव गोंदियाने घेतला आहे. बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये फ्लायबिग कंपनीची प्रवासी सेवा मोठ्या गाजावाजात सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंद पडली. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगो येईपर्यंत तेथे धावपट्टी होती, इमारत होती, कर्मचारी होते, पण प्रवाशाला बसायला विमान नव्हते. एकाच कंपनीवर सगळा भार असला की ती गेली म्हणजे सगळेच जाते.

नागपूरची गोष्ट वेगळी असावी असे वाटते, कारण देशाच्या मध्यावर असण्याचा लाभ त्या शहराला फार पूर्वीपासून मिळत आला आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. मिहानची, म्हणजे नागपूर विमानतळाला जोडून मालवाहतूक केंद्र आणि उद्योग उभारण्याची, कल्पना पुढे आली तीही याच मध्यवर्ती स्थानाच्या बळावर. तरीही मध्यावर असणे एक आणि स्वस्तात जाता येणे दुसरे. १९९४ मध्ये जुना कायदा रद्द होऊन हवाई वाहतुकीवरील सरकारी मक्तेदारी कायद्याने संपली, २००३ मध्ये एअर डेक्कनने कमी भाड्याची वाट दाखवली, आणि पुढची काही वर्षे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जेट, किंगफिशर, गोएअर, इंडिगो अशा अनेक कंपन्यांची विमाने उतरत होती. त्या काळात आमच्या ओळखीतल्या मध्यमवर्गीय घरांतली माणसेही पहिल्यांदा विमानात बसली. नंतर एकेक करून दिवे विझले. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट १७ एप्रिल २०१९ रोजी आणि पुढे गो फर्स्ट झालेली गोएअर ३ मे २०२३ पासून बंद झाली, तर विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. आज देशांतर्गत प्रवास करणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जण इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाच्या विमानातून जातात, आणि त्यातही इंडिगोचा वाटा साठ टक्क्यांहून अधिक आहे.

याचा अर्थ काय होतो, ते डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार मनुष्यबळाची आखणी नीट न झाल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि उरलेल्या विमानांची भाडी आभाळाला भिडली. शेवटी सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. ५०० ते १,००० किलोमीटरसाठी, कर आणि विमानतळाचे शुल्क वगळून, ही मर्यादा १२,००० रुपये होती, आणि नागपूर-पुणे व नागपूर-मुंबई हे दोन्ही मार्ग याच गटात मोडतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे मर्यादेच्या आत राहूनही एका बाजूच्या एका तिकिटाला दोन क्विंटलहून अधिक सोयाबीन लागले असते, तेही हमीभाव मिळाला तर. त्या हंगामात बाजार समितीत सोयाबीनचे भाव त्याच्या बरेच खाली होते, हे आमच्याकडे कोणाला सांगायला नको.

शेतकऱ्याच्या घराचा विमानाशी काय संबंध, असे मला कोणी विचारले तर त्याचे उत्तर ट्रॅव्हल्सच्या तिकिटात आहे. पुण्याहून विदर्भात येण्यासाठी विमान, रेल्वे, एसटी आणि खासगी ट्रॅव्हल्स एवढेच मार्ग आहेत. विमानाचे भाडे परवडेनासे झाले की त्यातला प्रवासी रेल्वेच्या वातानुकूलित डब्याकडे वळतो, तिथले आरक्षण संपले की ट्रॅव्हल्सच्या स्लीपरकडे, आणि मग आधीपासून स्लीपरने येणाऱ्या आमच्या मुलांना त्याच जागेसाठी जास्त पैसे मोजावे लागतात. ज्याने आयुष्यात विमान आतून पाहिलेले नाही, तोही अशा रीतीने विमान कंपन्यांच्या मक्तेदारीची किंमत देत असतो. १० ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनी स्थानकावरून पुण्याला जाणारी वंदे भारत सुरू झाली आणि ती बडनेऱ्याला थांबते, ही फार चांगली गोष्ट घडली. पण ती दिवसा धावते आणि प्रवासाला सुमारे बारा तास घेते, त्यामुळे नोकरीवरच्या मुलाचा सुटीतला एक पूर्ण दिवस जाण्यात आणि एक येण्यात खर्ची पडतो.

माझा पुतण्या पुण्यात वाकडला राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो. गेल्या दिवाळीत तो मोबाइलवर यवतमाळच्या ट्रॅव्हल्सची जागा पाहत होता, तेव्हा सकाळी दिसलेल्या भाड्यात संध्याकाळपर्यंत हजार रुपयांची भर पडली होती, आणि एरवीच्या दुपटीहून अधिक पैसे देऊन त्याला मागच्या चाकावरची वरची बर्थ मिळाली. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक घेऊ नये, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. सणासुदीला तो कागदावरच राहतो. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ १४.९५ टक्क्यांची झाली, म्हणजे ही दीडपटीची मर्यादाही आपोआप तेवढी वर सरकली. तपासणीची पथके नेमली जातात हे खरे आहे, पण रात्री वाकडच्या पुलाखाली बॅगा घेऊन उभ्या असलेल्या मुलाला तक्रार करण्यापेक्षा गाडीत चढणे महत्त्वाचे वाटते, आणि त्याला मी दोष देत नाही.

पुण्यातला त्याचा महिन्याचा खर्च मी त्याच्याशी बोलून समजून घेतला आहे. तो कॉट बेसिसवर राहतो, म्हणजे एका खोलीत तिघे आणि प्रत्येकाची एक खाट. आत जाताना अनामत रक्कम, दलालाला एका महिन्याचे भाडे, अकरा महिन्यांचा करार, आणि तो संपला की भाडेवाढ किंवा पुन्हा नवी खोली व पुन्हा दलाली. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात, त्याचे पैसे वेगळे. मेसचा डबा महागला तेव्हापासून तो रात्रीचे स्वतःच करून खातो. त्यासाठी वहिनी दर दोन-तीन महिन्यांनी घरच्या तुरीची डाळ, ज्वारीचे पीठ, तिखट आणि लोणच्याची बरणी असे खोके बांधते. बरणीच्या झाकणाला आधी मेण, मग प्लॅस्टिक, त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी, खोक्याला आडवी-उभी सुतळी आणि चारही बाजूंनी मोठ्या अक्षरात त्याचा मोबाइल नंबर. ते खोके यवतमाळहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत चढते आणि पहाटे तो वाकडला जाऊन उतरवून घेतो. मालाला भाव नाही म्हणून शेतात होणारा तोटा आणि शहरात टिकून राहण्यासाठी गावाकडून जाणारी ही मदत, दोन्ही एकाच घरातून निघतात. शहराच्या विकासाचे आकडे मांडताना हा पैसा कोणी धरत नाही, आणि मला ते फार लागते.

पुतणी नागपूरला शिकते, तिचे चित्र थोडे निराळे आहे. पुण्यात एका खाटेला जेवढे द्यावे लागते, जवळपास तेवढ्यात तिला एका मैत्रिणीसोबत वेगळी खोली मिळाली, कारण तिच्या महाविद्यालयाच्या आसपास खोल्या आणि मेस पुष्कळ आहेत आणि एका ठिकाणी महाग वाटले तर पुढच्या गल्लीत विचारता येते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे ती मन झाले की घरी येऊन जाते. सरकारच्या एका निर्णयाने आमच्या घराच्या खर्चात इतका सरळ फरक दुसऱ्या कशाने पडल्याचे मला आठवत नाही.

मुले नागपूरलाच नोकरीला राहिली, तर निम्मे प्रश्न मिटतील. त्याचसाठी शिवणगाव, खापरी, दहेगावच्या लोकांनी मिहानला जमिनी दिल्या. टीसीएस, एचसीएलसारख्या कंपन्या तेथे आल्या, एअर इंडियासाठी विमानदुरुस्तीचा तळ उभा राहिला, हे मी नाकारत नाही. पण आमच्या तालुक्यातून अभियांत्रिकी करून बाहेर पडलेल्या मुलांना पहिली नोकरी अजूनही बहुधा पुण्यातच मिळते.

म्हणून माझे म्हणणे बेलोऱ्यापुरते अगदी नेमके आहे. योजनेच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांची मुदत धरली तर ती एप्रिल २०२८ मध्ये संपेल. त्याच्या आधी किमान वर्षभर अमरावती, यवतमाळ आणि वाशीम या तिन्ही जिल्ह्यांच्या खासदार-आमदारांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: मुंबईच्या मार्गावर दुसरी कंपनी यावी, बेलोऱ्याहून पुण्याला विमान असावे, आणि सध्याच्या सेवेचे अनुदान थांबल्यावर इंधनावरचा एक टक्का व्हॅट तसाच ठेवावा. इंधन हाच विमान कंपनीचा सर्वांत मोठा खर्च असतो आणि तो जीएसटीत नसल्याने व्हॅटचा हा निर्णय मुंबईतच होऊ शकतो, त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. दिवाळीच्या आठवड्यात पुण्याहून यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसदकडे एसटीच्या जादा गाड्या किती सुटणार, ते दसऱ्यापूर्वीच जाहीर व्हावे, म्हणजे ट्रॅव्हल्सवाल्यांना भाडे लावताना त्याचा विचार करावा लागेल. हे सगळे लिहून मी आमच्या आमदारांना निवेदन देणार आहे. ज्यांची मुले बाहेर आहेत अशा नेर, दारव्हा आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतल्या पालकांनी त्यावर सही करायची असेल तर ग्रामपंचायतीत त्याची प्रत ठेवलेली आहे.