घरच्या इलेक्ट्रिक मोटरसायकलवर इंदूर ते महेश्वर: जाताना उतार, येताना हिशेब

इंदूरहून महेश्वरला जाणं म्हणजे माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. पेट्रोलच्या गाडीवर हा फरक कुणी मोजत नाही. बॅटरीवर जायचं तर सगळी आखणी याच्याभोवती करावी लागते, कारण जाताना गाडी जी सरासरी दाखवते ती येताना देत नाही. “एका चार्जिंगमध्ये किती जाते?” हा प्रश्न आम्हाला राऊपासून महेश्वरच्या नर्मदाकाठापर्यंत सगळ्यांनी विचारला. खरा प्रश्न वेगळा आहे: घाट चढून परत येते का, आणि मोटर न जळता येते का?

आधी गाडीबद्दल. जुनी स्प्लेंडर, इंजिन उतरवलेलं, मागच्या चाकात हब मोटर, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा ७२ व्होल्टचा कंट्रोलर आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची ५० अँपिअर-अवरची बॅटरी. म्हणजे पूर्ण भरल्यावर सुमारे ३.८ युनिट वीज. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी हा संच मान्यताप्राप्त आहे आणि आरसीवर इंधनाची नोंद बदलून घेतली आहे. हे मुद्दाम सांगतो. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी गाडी असेल तर नोंदणी लागत नाही. पण मोटरसायकलचं इंजिन काढून मोटर बसवली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं कलम, लागू होतं. सुटे भाग आणून जोडलेली गाडी अंगणात कितीही झकास पळो, अपघात झाला की विमा कंपनी पहिला कागद हाच मागेल. आम्ही अधिकृत जोडणाऱ्याच्या शेडमध्ये, त्याच्या नजरेखाली काम केलं. बॅटरीखालचा पाळणा, वायरिंगची मांडणी, साइड पॅनेल आणि लहानसहान ब्रॅकेट मी आणि मेहुण्याने इंदूरचे लोहामंडी-सियागंज बाजार पालथे घालून बनवले. तेवढ्यावर “घरची” म्हणायचा हक्क मिळतो असं आम्ही ठरवून टाकलंय.

जोडणीत एका गोष्टीवर पैसे वाचवू नका, ती म्हणजे टॉर्क आर्म, चाकाच्या आसाला फ्रेमशी जखडून ठेवणारी पट्टी. हब मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे फिरवते तितक्याच जोराने स्वतःच्या आसाला उलटं ढकलते. आस खाचेत सैल असेल तर एखाद्या दिवशी गर्रकन फिरतो, आणि त्याच्या पोकळीतून आलेल्या तारा पिळवटून तुटतात. दोन्ही बाजूंना जाड पोलादी आर्म हवेत. लेथवाला “एक पुरे” म्हणाला तरी ऐकू नका.

दुसरी गोष्ट मीटर. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्टेज भरलेल्या अवस्थेतून थोडा उतरला की बराच काळ ३.२-३.३ व्होल्टवर जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे व्होल्टेज बघून टक्के दाखवणारा स्वस्त डिस्प्ले अर्धी बॅटरी संपली तरी गोड गोड बोलत राहतो. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंटवाला मीटर लावा. हा सगळा प्रवास त्याच्याच आकड्यांवर झाला.

रस्ता आम्ही राऊ-महू-जाम गेट-मंडलेश्वर असा घेतला, साधारण ९० किलोमीटर. दुसरा पर्याय मानपूर-धामनोदचा चौपदरी हायवे. पण त्यावरचा गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कुप्रसिद्ध राहिलाय, आणि चढताना ताशी ३५ ने जाणाऱ्या दुचाकीने ट्रकांच्या मधे असू नये. राऊच्या पुढे पीथमपूरचा फाटा लागतो. तिथे मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांची परीक्षा घेणारा नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे. आमच्या नशिबी परीक्षेला महूचे स्पीड ब्रेकर. हब मोटरचं सगळं वजन मागच्या चाकातच असल्यामुळे प्रत्येक खड्डा थेट रिमला लागतो. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवा आणि खड्डा दिसला की खरंच हळू व्हा.

महू सोडलं की रस्ता सुंदर होत जातो. जाम गेटला पोचायला कमीजास्त चढ आहेत, पण दम काढणारे नाहीत. हा दरवाजा १७९१ मधला, अहिल्याबाईंच्या काळचा. कमानीतून खाली निमाड पसरलेला दिसतो. सुट्टीच्या दिवशी इथे अर्धं इंदूर भुट्टा खात उभं असतं, आणि माकडांचा डोळा तुमच्या हँडलला लटकलेल्या पिशवीवर असतो. पावसाळ्यात धुकं इतकं दाटतं की समोरची गाडी दिसत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा.

इथून उतार. उतारावर मोटर उलटी वीज बनवून बॅटरी भरते हे खरं, पण त्यावर फार इमले बांधू नका. गाडी, मी आणि सामान मिळून २१० किलो. चारशे मीटरच्या उतरणीत एवढ्या वजनाची ऊर्जा होते सुमारे २३० वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट), आणि हातात पडते त्यातली जेमतेम अर्धी. म्हणजे तीन-चार किलोमीटरची सोय. खरा फायदा ब्रेकचा: मागचा ड्रम तापत नाही. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, ही वीज घेऊ देत नाही आणि मोटरचा ब्रेक ऐन वळणावर सुटतो. इंदूरहून येताना ही अडचण नाही, तोवर बरीच बॅटरी रिकामी झालेली असते. घाटमाथ्यावरच कुठे मुक्काम करून चार्ज करणार असाल तर ८५-९० टक्क्यांवर थांबा.

महेश्वरला पोचलो तेव्हा सरासरी होती किलोमीटरला २७ वॉट-अवर. हाच तो फसवा आकडा.

चार्जिंगचं फोनवरच ठरवून जा. “चार्जिंग होईल का” असं विचारलं की सगळे “हो” म्हणतात, त्यांच्या मनात मोबाइल असतो. “गाडीजवळ पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे का, अर्थिंग आहे का” असं विचारा. आमचा चार्जर भिंतीतून साधारण एक किलोवॉट घेतो, तोही तीन-चार तास सलग. जुन्या ढिल्या सॉकेटला तेवढंही झेपत नाही. पहिल्या अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. गेस्ट हाऊसच्या काकूंची काळजी वेगळी होती: “भैया, हमारा मीटर तो नहीं भागेगा?” तीन युनिटच्या आसपास लागतील असं सांगून शंभर रुपये आगाऊ दिले, तेव्हा अंगणातला चांगला सॉकेट उघडला. आल्या आल्या मात्र प्लग लावू नका. ४५ अंशांच्या वर तापलेले सेल चार्ज करणं त्यांच्या तब्येतीला वाईट. नदीच्या घाटावर जा, अहिल्येश्वराचं दर्शन घ्या, नावेतून बाणेश्वरापर्यंत जाऊन या, तोवर बॅटरी निवते.

आता परतीचा घाट, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

सगळे सल्ला देतात की चढावर हळू चालवा, मोटर वाचेल. हब मोटरच्या बाबतीत हे उलटं आहे. त्याच चढावर तेवढंच वजन ओढायला तेवढाच जोर लागतो, वेग १५ असो वा ३०. आणि जोर म्हणजे करंट. मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीत उष्णता तयार होते ती करंटने. पंधराच्या वेगाने गेलात तर तीच उष्णता दुप्पट वेळ सोसावी लागते. म्हणून सकाळी गारव्यात निघा, वळणाआधी फार वेग मोडू नका, आणि ताशी ३०-३५ वर एकसारखं चढवा. गुंडाळीत तापमानाचा सेन्सर हवाच. ११० अंशांच्या जवळ गेलं की सावलीत थांबायचं आम्ही ठरवलं होतं आणि तसं एकदा थांबलोही.

थांबलो की मदतीला माणसं येतातच. एका दुधवाल्या दादांनी बाटली उघडून “पानी डाल दो भिया” म्हटलं. त्यांना हात जोडून थांबवलं. गरम मोटरवर पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि तारांच्या भोकातून तेच पाणी आत ओढलं जातं. तो ओलावा मग लवकर बाहेर पडत नाही. वीस मिनिटं गप्पा मारा, तेवढं पुरतं.

इंदूरला पोचेपर्यंत परतीची सरासरी ३४ झाली आणि बॅटरीत पंचमांश वीज उरली. वजनदार माणूस, मागे सवारी किंवा समोरून वारा असेल तर हा पंचमांशही राहणार नाही. अशांनी महूमध्ये तासाभराच्या चार्जिंगची सोय आधीच बघून ठेवावी.

हत्यारांत आसाच्या नटाचा पाना आणि पंक्चरच्या पट्ट्या घ्या. मागचं चाक तारांमुळे रस्त्यात पूर्ण काढता येत नाही, म्हणून टायर जागेवरच उचकटून ट्यूब दुरुस्त करावी लागते. घाटातला पंक्चरवाला हे करायला बिचकतो. निघण्यापूर्वी घरी एकदा स्वतः करून बघा. मेहुणा मागून पेट्रोलच्या स्कूटरवर येत होता, तसं कुणी सोबत असेल तर पहिल्या फेरीला न्याच.